ख्रिस्ती श्रद्धा, मरण आणि शोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस गेलं की पहिले काही दिवस धावपळीत जातात. प्रश्न सुचतात ते नंतर, आणि ते विचारायचे कुणाला हे कळत नाही. काही प्रश्न विचारायला लाज वाटते, काहींची भीती वाटते. असे नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ख्रिस्ती पंथ अनेक आहेत आणि मरणाच्या बाबतीत त्यांचं सगळंच जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

विश्वास असलेल्या माणसाने रडावं का? रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नाही का?

नाही. या एका गैरसमजापायी किती माणसं आतल्या आत कुढत बसतात!

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय काढून वाचा. बेथानीचा लाजर मेला आहे, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. मार्था आणि मरीया या त्याच्या दोघी बहिणी येशूला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि अगदी एकच वाक्य बोलतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्यात विश्वास आहे तसा गाऱ्हाण्याचा सूरही आहे. येशू त्यांना दटावत नाही. मार्थेला तो म्हणतो, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” आणि हे म्हटल्यानंतर, लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असताना, मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः रडतो. “येशू रडला.” इतकंच वाक्य.

पुढे कबरेवरची धोंड काढायला सांगितल्यावर मार्था म्हणते, आता दुर्गंधी येत असेल. शुभवर्तमानकाराने हे वाक्य गाळलेलं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मरणाला गोंडस करण्याचा खटाटोप तिथे नाही.

पुढच्या काळातलं एक उदाहरण संत ऑगस्टिन या चर्चच्या थोर धर्मपंडितांचं. ३८७ साली रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात त्यांची आई मोनिका वारली, तेव्हा तिला ५६ वं वर्ष चालू होतं. त्यांनी तिचे डोळे मिटले आणि स्वतःचं रडू दाबून धरलं. श्रद्धेत गेलेल्या बाईसाठी आक्रोश करणं बरं नव्हे, असं त्यांना वाटत होतं. त्यांचा मुलगा अदेओदातुस हंबरडा फोडून रडू लागला, तर त्यालाही मोठ्यांनी गप्प केलं. दफन कोरड्या डोळ्यांनी पार पडलं. आंघोळीने दुःख हलकं होतं असं ऐकून ते स्नानगृहातही जाऊन आले. काही फरक पडला नाही. शेवटी झोपून उठल्यावर, एकटे असताना, बांध फुटला. त्यांनीच हे सगळं लिहून ठेवलं आहे. आणि आईसाठी मी थोडा वेळ रडलो यात कुणाला पाप दिसत असेल तर त्याने मला हसू नये, असंही बजावलं आहे.

पण “शोक करू नका” असं प्रेषित पौलानेच लिहिलं आहे ना?

अर्धं वाक्य उचललं की असं होतं. थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. सगळा भर “त्यांच्यासारखा” या शब्दावर आहे. ख्रिस्त लवकरच परत येणार या अपेक्षेने जगणारी ती मंडळी. मधल्या काळात काही जण मरण पावले आणि उरलेल्यांना धास्ती पडली की आता यांचं काय? त्या धास्तीला दिलेलं हे उत्तर आहे. रडण्यावर बंदी घालणारा नियम तो नव्हे. रोमकरांस पत्रात तर हाच पौल शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं सरळ सांगतो.

मरण ही देवाची इच्छा समजायची का?

“देवाची इच्छा”, “देवाला तो जास्त आवडला”, “चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात”. ही वाक्यं चांगल्या मनाने बोलली जातात, पण ती बायबलमधली नाहीत. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो आणि पुढे त्याला आव्हान देतो: “अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?” शत्रूला कुणी देवदूत म्हणत नाही. येशूनेही गेथशेमानेच्या बागेत मरण हसत स्वीकारलं नाही. हा प्याला टळो, अशी त्याने प्रार्थना केली.

दुसरी बाजूही खरी आहे. असिसीचे संत फ्रान्सिस मरणाला बहीण म्हणत. दीर्घ आजारानंतर, भरल्या वयात शांतपणे आलेलं मरण अनेकांना सुटका वाटतं, आणि तसं वाटल्याबद्दल मनाला खाऊ नये. पण हे ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने म्हणायचं. भेटायला आलेल्यांनी त्याच्या गळी उतरवायचं नाही. चार वर्षांचं मूल गमावलेल्या आईला “देवाची इच्छा” ऐकवणं म्हणजे तिच्या मुलाचा मारेकरी कोण हे तिला सांगण्यासारखं आहे.

मेल्यावर नेमकं काय होतं?

सगळ्या मुख्य पंथांत समान असलेली गोष्ट म्हणजे देहाचं पुनरुत्थान. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, ते म्हटलं जातं. आत्मा शरीराच्या पिंजऱ्यातून सुटला आणि झालं, ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. शेवटी देह आणि आत्मा मिळून पूर्ण माणूस नव्या जीवनात उठेल, अशी आशा आहे.

मरण आणि ते पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाबद्दल मतं वेगळी आहेत. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरताक्षणी प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि जो देवाच्या कृपेत मेला पण अजून पूर्ण शुद्ध झालेला नाही, तो शुद्धिस्थानातून जातो. बहुतेक प्रॉटेस्टंट म्हणतात की विश्वासणारा थेट ख्रिस्ताजवळ जातो. येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेलं “आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील” हे वचन ते पुढे करतात. ऑर्थोडॉक्स मंडळी मधली अवस्था मानतात, पण तिचा फार काटेकोर नकाशा काढत नाहीत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांच्या मते मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत बेशुद्ध, निद्रेसारख्या स्थितीत असतो.

तिथे आमची पुन्हा भेट होईल का? नवरा-बायको म्हणूनच?

भेट होईल, अशी आशा बहुतेक सगळे पंथ देतात. लग्नाचं मात्र अवघड आहे. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी येशूला कोड्यात पकडायला एक गोष्ट रचली होती: सात भाऊ, एकामागून एक मेले आणि एकाच बाईशी सगळ्यांचं लग्न झालं, मग पुनरुत्थानात ती कुणाची बायको? येशू म्हणाला की तिथे लग्न करणं नाही आणि लग्न करून देणंही नाही. अनेक विधवा-विधुरांना हे वाचून गलबलून येतं, ते साहजिक आहे. पण इथे लग्न नसेल असं म्हटलं आहे. ओळख पुसली जाईल किंवा प्रेम संपेल असं कुठेही म्हटलेलं नाही.

गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करावी का?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतील, जरूर करा. मोनिकाने मरणाआधी मुलांना सांगितलं होतं की हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता नको. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मृतांसाठी प्रार्थना इतकी जुनी आहे. कॅथलिक पंथात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी तो आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सर्वत्र गेला. मृताच्या नावाने मिस्सा, म्हणजे ख्रिस्तशरीराची मुख्य उपासना, अर्पण करतात, कुटुंब मिळून जपमाळ म्हणतं. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात युद्धात पडलेल्यांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख आहे, त्याचाही आधार घेतला जातो.

प्रॉटेस्टंट पंथांनी तो ग्रंथ प्रमाण शास्त्रात धरलेला नाही. शिवाय यामागे एक जखम आहे. मृतांचा शुद्धिस्थानातला काळ कमी व्हावा म्हणून दंडमाफीची पत्रं विकली जात होती, आणि १५१७ साली मार्टिन लूथर यांनी जो वाद उभा केला तो यावरूनच. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या महासभेने १५६३ साली शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण तिच्या नावाने चालणाऱ्या कमाईवर ताशेरे ओढले. तेव्हापासून बहुतेक प्रॉटेस्टंट उपासनांत मृतासाठी मागणं केलं जात नाही. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. अँग्लिकनांत दोन्ही तऱ्हेचे लोक सापडतात.

घरात दोन पंथांची माणसं असतील तर यावरून कबरेपाशी वाद घालू नका. ज्याला प्रार्थना करायची आहे त्याला करू द्या.

दहन चालतं का, की दफनच करावं लागतं?

आता बहुतेक पंथांत दहन चालतं. ऑर्थोडॉक्स मंडळी मात्र आजही साधारणपणे नकार देतात.

पूर्वीपासून दफनाकडे ओढा होता तो येशूला कबरेत ठेवलं गेलं म्हणून, आणि देहाबद्दलच्या आदरापोटी. दहनाने पुनरुत्थान अडतं असं मात्र कधीच मानलं गेलं नाही. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या लियाँ इथे ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. यांना पुन्हा उठण्याची आशा उरू नये, हा मारणाऱ्यांचा हेतू होता. मंडळीने ती आशा सोडली नाही. मातीतून घडवणाऱ्याला राखेची काय अडचण?

कॅथलिक चर्चने १८८६ साली दहनाला मनाई केली, कारण युरोपात तेव्हा पुनरुत्थान नाकारण्याची जाहीर खूण म्हणून काही लोक दहनाचा पुरस्कार करत होते. १९६३ साली ती मनाई उठली. २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी कबरस्तानासारख्या पवित्र ठिकाणी ठेवाव्यात. त्या उधळू नयेत, घरात ठेवू नयेत, कुटुंबात वाटून घेऊ नयेत. २०२३ साली त्यात थोडी सवलत आली: मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी अस्थींचा अगदी अल्प भाग ठेवण्याची परवानगी संबंधित धर्माधिकारी देऊ शकतात. प्रॉटेस्टंट पंथांत हा निर्णय बहुधा कुटुंबावर सोडलेला असतो.

आत्महत्या केलेल्याचा अंत्यविधी होतो का? त्याच्यासाठी आशा आहे का?

होतो. आहे.

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, कारण आधी तसं नव्हतं. अनेक शतकं अशा माणसाला चर्चचा विधी नाकारला जात असे. १९१७ च्या कॅथलिक कायदेसंहितेतही जाणूनबुजून जीव दिलेल्याला चर्चचं दफन नाकारलेलं होतं. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेलं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्या चूकच मानली, पण गंभीर मानसिक विकार, असह्य यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, असंही स्पष्ट लिहिलं. अशा लोकांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये; फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. इतर बहुतेक पंथही आज याच दिशेने बोलतात.

माझं मत विचाराल तर, अशा घरात मागच्या शतकातले नियम काढून कुजबुजणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं. त्या कुटुंबाला आधीच “आपल्या लक्षात कसं आलं नाही” हा प्रश्न रात्रंदिवस छळत असतो. आणि हे वाचताना तुमच्याच मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर हे पान बाजूला ठेवा आणि आत्ताच जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

बाप्तिस्मा होण्याआधीच बाळ गेलं तर?

पूर्वीचे धर्मपंडित अशा बाळांसाठी लिंबो नावाच्या, स्वर्गही नाही आणि यातनाही नाहीत अशा, स्थितीची कल्पना मांडत. ती चर्चची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती, तरी आयांना तिने पिढ्यान्‌पिढ्या रडवलं. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असा निष्कर्ष काढला. बाळाचा बाप्तिस्मा करण्याचा आईवडिलांचा मनोदय असेल, तर बिशपांच्या परवानगीने पूर्ण अंत्यविधी करता येतो. बॅप्टिस्ट आणि तत्सम पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत, त्यामुळे तिथे हा पेच उद्भवत नाही.

पोटातच गेलेल्या बाळाला नाव ठेवावं का, असंही विचारतात. ठेवावंसं वाटत असेल तर जरूर ठेवा. फादरांना किंवा पाळकांना प्रार्थनेला बोलवा. “लहान होतं, विसरून जा” म्हणणाऱ्यांनी दावीद राजाचं बोलणं आठवावं. त्याचं बाळ सात दिवसांत गेलं. तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही.

विश्वास न ठेवता गेलेल्या वडिलांचं काय झालं असेल?

याचं उत्तर छातीठोकपणे देणाऱ्यापासून लांब राहा. पंथापंथांत इथे मोठं अंतर आहे. काही मंडळ्या ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही असं ठामपणे मानतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतरची कॅथलिक शिकवण आपल्या दोषाशिवाय ख्रिस्ताला न ओळखलेल्या, पण सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे जगलेल्या माणसालाही तारणाची शक्यता मानते. कॅथलिक चर्चने अनेकांना संत घोषित केलं आहे, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाबद्दलही अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. जी गोष्ट चर्चने केली नाही, ती शेजाऱ्यांनी करायचं कारण नाही.

मला देवाचा भयंकर राग येतो. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहिता उघडा. ८८ वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं; शेवटी समाधानाची एकही ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत म्हटलं जातं. २२ वं स्तोत्र सुरू होतं “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असं, आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी हेच शब्द आले. मुलंबाळं आणि सगळंच गमावलेला ईयोब त्याच्या नावाच्या ग्रंथात देवाशी कित्येक अध्याय भांडतो. शेवटी देव कुणावर रागावतो? देवाची बाजू घेऊन प्रवचन झोडणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असं देव म्हणतो.

प्रार्थना जमत नसेल तर काही काळ दुसऱ्यांना तुमच्यासाठी करू द्या. मंडळी त्यासाठीच असते.

शोक किती दिवस करायचा?

बायबलमध्ये योसेफ आपल्या वडिलांसाठी, याकोबासाठी, सात दिवस शोक करतो, मोशेसाठी लोक तीस दिवस रडतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी स्मरणविधी होतो. त्या वेळी उकडलेला गोड गहू वाटतात. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक येतं, या येशूच्या वचनाची ती खूण. कॅथलिकांत तिसाव्या दिवशी आणि वर्षाने मिस्सा सांगण्याची रीत आहे. प्रॉटेस्टंटांत असे ठरावीक दिवस सहसा नसतात.

हे दिवस शोकाची मुदत संपल्याचे नव्हेत. लूथर यांची मुलगी माग्दालेना १५४२ साली, तेरा वर्षांची असताना, बापाच्या हातांत गेली. ती ख्रिस्ताजवळ आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तरी काही दिवसांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की तिचा चेहरा, तिचं बोलणं, तिच्या हालचाली काळजात इतक्या खोल रुतल्या आहेत की ख्रिस्ताचं मरणसुद्धा ते दुःख पुरतं काढून टाकत नाही. ज्यांनी सगळं आयुष्य विश्वासावर प्रवचनं दिली, त्यांचं हे लिहिणं आहे.

मात्र महिनोन्‌महिने झोप नाही, खाणं नाही, कामावर जाववत नाही, असं चाललं असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. औषध घेणं म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास दाखवणं नव्हे.

अखेरच्या आजारात काय करता येतं?

कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स असाल तर रुग्णाच्या तैलाभ्यंगासाठी, म्हणजे तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, फादरांना लवकर बोलवा. “फादर आले म्हणजे आता संपलं” या भीतीने लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात आणि तोवर माणूस बेशुद्ध झालेला असतो. हा संस्कार गंभीर आजारी माणसासाठी आहे, फक्त मरणाऱ्यासाठी नाही, आणि तो पुन्हाही देता येतो. मरणाऱ्यासाठीचा खास संस्कार म्हणजे शेवटचं ख्रिस्तशरीर (मिस्सेत पवित्र केलेली भाकर), प्रवासाची शिदोरी. प्रॉटेस्टंट पाळकही प्रार्थना आणि प्रभुभोजनासाठी घरी, रुग्णालयात येतात.

व्हेंटिलेटर काढला तर आपण मारलं असं होईल का, हा प्रश्न कुटुंबाला पोखरतो. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितलं होतं की असाधारण उपचार चालू ठेवण्याचं बंधन नाही. मरण घडवून आणणं वेगळं आणि जे आता थांबणार नाही ते येऊ देणं वेगळं, हा फरक बहुतेक पंथ करतात. वेदना कमी करणारी औषधंही चालतात.

अवयवदान?

बहुतेक चर्च त्याला पाठिंबा देतात.

काळे कपडेच घालायचे का?

सक्ती नाही. कॅथलिक विधीत फादरांच्या वस्त्रांना पूर्वी काळा रंग ठरलेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने अंत्यविधीत पुनरुत्थानाचा सूर अधिक ठळक व्हावा असं म्हटल्यावर जांभळा आणि पांढराही आला. शवपेटीवरचं पांढरं वस्त्र बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण म्हणून असतं.

मृताशी बोलण्यासाठी प्लँचेट वगैरे करावं का?

नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्याला सरळ मनाई आहे, आणि याबाबत पंथांत मतभेद नाहीत. कबरेपाशी उभं राहून “आई, आज तुझ्या नातवाचा निकाल लागला” असं म्हणणं ही निराळी गोष्ट. त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका.

सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं?

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट बरोबर केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

कमी बोला. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात आणि घरच्यांना तेच टोचतं. आठवण असेल तर सांगा. “काही लागलं तर सांग” म्हणण्यापेक्षा काम उचला: मुलांना शाळेत सोडणं, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहणं, आलेल्यांसाठी चहा करणं. आणि दोन महिन्यांनी पुन्हा जा. तोपर्यंत बाकीचे यायचे थांबलेले असतात.

मी ख्रिस्ती नाही. मित्राच्या घरच्या अंत्यविधीला जाऊ का?

अवश्य जा. मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकण्याची गरज नाही. प्रार्थना, गाणी म्हणायलाच हवीत असं नाही. मिस्सा असेल तर ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जाऊ नका. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रभुभोजन असेल तर काय करायचं ते पाळक सांगतात. कबरेपाशी शवपेटी खाली उतरवल्यावर जमलेले लोक मूठभर माती टाकतात. तुम्हीही टाकू शकता, कुणाला विचारावं लागत नाही. आधी घरच्यांना टाकू द्या.